शेजारच्या सीटचा ब्रेक

पोस्टरवर लिहिलं होतं, ‘पोट धरून हसाल!’ आणि मास्तरला तिथंच पहिली शंका आली.

कारण पोस्टरवरचा माणूस गाडी शिकवणारा होता. त्याला झुपकेदार मिशी होती, खिशाला दोन पेनं होती आणि ओठाच्या कोपऱ्यात काडी होती. मास्तरही गाडीच शिकवायचा. मिशी त्यालाही होती, पेनं त्याचीही दोनच होती आणि काडी तर आत्ता या घडीला तोंडात होती. त्यानं ती हळूच काढून खिशात टाकली आणि आजूबाजूला कोणी बघितलं का ते बघितलं.

“छान आलंय ना पोस्टर?” मास्तरीण म्हणाली. मास्तरची बायको म्हणून सगळे तिला मास्तरीणच म्हणायचे. शिकवत ती काही नव्हती, दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटची नावं लिहून घ्यायची.

“तू आधी बघितलं होतंस?”

“मी कुठं बघणार?”

“मग छान आलंय हे इतक्या लवकर कसं ठरवलंस?”

मास्तरीण पर्समध्ये तिकिटं शोधायला लागली. या माणसाबरोबर राहून एवढं तिला जमायला लागलं होतं.

सिनेमा तिच्या धाकट्या भावाचा होता. आधी जाहिराती करायचा, बिस्किटांच्या आणि फिनाइलच्या. हा त्याचा पहिलाच सिनेमा. आईवडील गेल्यापासून मास्तरणीचं माहेर म्हणजे हा एवढा एकच माणूस आणि त्याची दोन खोल्यांची जागा. गेले काही दिवस भावाबहिणीचे फोन वाढले होते. ती गॅलरीत जाऊन बोलायची, हसायची, आणि मास्तर आला की म्हणायची, “ठेवते रे.” आता, बायको भावाशी बोलताना हसली यात काय आहे? काही नाही. पण ‘ठेवते रे’मध्ये मास्तरला बरंच काही दिसलं. आणि आता हे पोस्टर.

“एक ऐकून ठेव,” तिकीट फाडणाऱ्याच्या समोरच तो म्हणाला. “आपल्या घरातली एक जरी गोष्ट मला त्या पडद्यावर दिसली ना, तर तुझं माहेर बंद. जाणं बंद, फोन बंद. माझी टिंगल करून पोट भरतोय होय तुझा भाऊ?”

“अहो, आत तर चला.”

“मी आत पुरावा बघायलाच चाललोय.”

शंका घेणं हा मास्तरचा धंदाच होता, हे मान्य करायला पाहिजे. नवीन शिकाऊ माणूस आला की मास्तर पहिल्याच दिवशी सांगायचा, “समोरचा प्रत्येक जण तुम्हाला मारायला घरातून निघालाय असं समजून गाडी चालवा. उभ्या गाडीचं दार उघडणारच. सायकलवाला वळणारच आणि हात दाखवणार नाहीच.” रस्त्यावर हे शंभर टक्के खरं आहे. त्यानं बरेच जीव वाचले असतील. पण हा शहाणा संध्याकाळी गाडी लावायचा, आरसे पुसायचा, आणि शंका तेवढी सोबत घेऊन जिना चढायचा. घरात शिरल्यावर आधी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवून बघायचा. गरम लागली तर बायको लोळत पडली होती. गार लागली तर मग ती होती कुठं? दोन्हीकडून त्याचंच बरोबर. मग दाराशी काढलेल्या तिच्या चपला उलट्या करून तळ बघायचा. अशा माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, माझ्या तोंडून वाईट शब्द जाईल.

त्याच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही ब्रेक होता. सगळ्याच शिकवण्याच्या गाड्यांत असतो. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तर आपल्या बाजूनं दाबणार. त्यात मास्तरची एक खुबी होती. तो असा अलगद दाबायचा की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. “शाब्बास,” मास्तर म्हणायचा. माणूस फुलायचा. दुसरी खुबी म्हणजे गप्पा. नवा माणूस स्टिअरिंग असं आवळून धरतो की बोटं पांढरी पडतात. ‘हात सैल सोडा’ म्हणून सांगितलं तर आणखी आवळतो. त्याला हसवावं लागतं. आणि हसवायला सगळ्यात सोपी, बिनखर्चाची गोष्ट म्हणजे स्वतःची बायको. मास्तर टीव्हीची पाठ सांगायचा, चपला सांगायचा. “घरची गाडीपण रोज तपासावी लागते, साहेब!” समोरचा हसायचा, बोटं सैल व्हायची, गाडी सरळ जायची.

मास्तरणीला स्वतःला मात्र गाडी आली नव्हती. हौसेनं शिकायला बसली होती, तेव्हा तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी चालून आली होती. सकाळी लवकर पोचावं लागणार होतं. पण तिनं क्लच सोडला की गाडी आचका खाऊन बंद. परत सुरू, परत बंद. शेवटी ती म्हणाली, जाऊ दे, माझा पायच जड आहे. ती नोकरी गेली. जुन्या दवाखान्यात मास्तर तिला सोडायचा, मास्तरच आणायचा. “आमची बायको बसली की गाडीच लाजून बंद पडते,” हाही विनोद गाडीत चालायचा. त्याला पुढं एक शेपूट होतं, ते मास्तर फक्त पुरुष शिकाऊंना सांगायचा.

असो. दोघं आत जाऊन बसली.

थिएटर भरलं होतं. मास्तरच्या पुढच्याच खुर्चीत एक आडव्या अंगाचा जाडा माणूस होता, तो नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या आधीच हसायला लागला होता. काही लोक तिकिटाचा मोबदला असा लगेच वसूल करतात. पडद्यावर मिशीवाला आला, काडी चावत गाडीतून उतरला, जिना चढला आणि घरात शिरून त्यानं टीव्हीच्या पाठीला हात लावला.

थिएटर हशानं फुटलं. पुढचा जाडा मांडीवर थापा मारायला लागला.

मास्तरच्या कानशिलांना आग लागली. त्यानं मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बायकोकडं बघितलं. आरशात बघायची सवय असलेल्या माणसाला ते सोपं जातं. ती हसत होती. तोंडावर पदर नाही, हात नाही, सरळ हसत होती. तो मनात म्हणाला, बघ. सांगताना हसलीस, आता बघताना हसतेस.

मिशीवाल्यानं चपला उलट्या केल्या. पुन्हा हशा. मिशीवाला आपल्या काटकुळ्या बायकोला कामावर सोडायला गेला आणि कोपऱ्यावर गाडी लावून ती खरंच आत जाते का ते बघत बसला. हशा, पण जरा कमी. मिशीवाल्यानं बायकोच्या दवाखान्यात दात दुखतोय म्हणून आवाज बदलून फोन केला, ती जागेवर आहे का बघायला. या वेळी फक्त जाड्या हसला, आणि एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर त्यानं खोकल्यात त्याचा शेवट केला.

मधेच पडद्यावरची गाडी एका हातगाडीवर जायला लागली आणि मास्तरचा पाय आपोआप पुढं जाऊन खाली दाबला गेला. पुढच्या खुर्चीला धक्का बसला.

“अहो, पाय आवरा,” जाड्या मागं वळून म्हणाला.

मध्यंतरात ती पॉपकॉर्न घेऊन रांगेतून निघाली, तशी मास्तरनं तिला बाजूला ओढलं.

“टीव्हीचं कुणी सांगितलं त्याला?”

“कसलं टीव्हीचं?”

“नाटकं करू नकोस. पाठीला हात लावून बघायचं!”

मास्तरीण त्याच्याकडं बघतच राहिली. “अहो, म्हणजे तुम्ही खरंच तसं बघता? मला वाटायचं तुम्ही धूळ पुसता.”

“हो का! आणि चपला?”

“चपलांचं काय?”

“वा! भावानं काम द्यायला पाहिजे होतं तुला. त्या काटकुळीपेक्षा तू बरं केलं असतंस.”

“मी शपथेवर सांगते, मी घरातलं एक अक्षर…”

“मग गॅलरीत काय अक्षरं चालायची? ‘ठेवते रे, ठेवते रे’?”

यावर मात्र ती अडखळली. मास्तरनं ते बरोबर हेरलं. रस्त्यावर पुढची गाडी वळायच्या आधी किंचित अडखळते, तशी.

“ते वेगळं होतं,” ती म्हणाली. “ते शेवटी कळेल तुम्हाला. एवढंच करा, सिनेमा संपला तरी उठू नका. पाट्या संपेपर्यंत बसा.”

“का? काय आहे पाट्यांत?”

“आहे काहीतरी.”

“माहेर बंद,” मास्तर म्हणाला. “आजपासून. मी तोंडातून शब्द काढला की काढला.”

तिनं पॉपकॉर्नचा पुडा त्याच्या हातात दिला आणि पुढं चालायला लागली. रडली नाही, भांडली नाही. मास्तरला याचीही शंका आली. आता शेवटच्या पाट्यांत काय असेल? आपलं नाव? पत्ता? आपल्या ड्रायव्हिंग शाळेचा फोटो, लोकांनी हसावं म्हणून?

दुसरा भाग सुरू झाला. काटकुळी बाई गाडी शिकायला बसली. किल्ली फिरवली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी आचका खाऊन बंद. लोक हसले. पुन्हा केलं, पुन्हा बंद. जाड्याला बरं वाटलं, त्याचा सिनेमा त्याला परत मिळाला. “बायकांना सांगून उपयोग नाही!” तो मोठ्यानं म्हणाला, आणि आजूबाजूच्या चारदोन पुरुषांनी त्याला साथ दिली. शेजारून मास्तरीणही हसली, पण वेगळं. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतो तसं. “माझंही अस्संच व्हायचं,” ती कुजबुजली.

मास्तर खिशात काडी चाचपायला लागला. पुढं काय आहे ते त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असणारा माणूस या पूर्ण थिएटरात दुसरा कोणी असायला नको होता.

कॅमेरा स्टिअरिंगवरून खाली आला. बाईच्या चपला दिसल्या. उजवा पाय अलगद ॲक्सिलरेटरवर, डावा हळूहळू क्लचवरून वर येतोय, अगदी पुस्तकात लिहावा असा. मग कॅमेरा सरकला, शेजारच्या सीटकडं गेला. तिथं एक बूट होता. पॉलिश केलेला, टाचेला झिजलेला. तो बूट हळूच ब्रेकवर टेकला आणि दाबला गेला. इंजिन आचका खाऊन मेलं. बाईची गाडी बाईनं बंद पाडलीच नव्हती.

“क्लच झटकन सोडलास,” मिशीवाला प्रेमानं म्हणाला. “तुझा पायच जड.”

कोणीतरी एकजण ‘ह्या’ करून हसला आणि त्याचं हसू मधेच गळालं. जाड्या हसला नाही. पडद्यावर बाई घरी आली होती. स्वयंपाकघरात खुर्ची ठेवून बसली होती, जमिनीवर तीन पुस्तकं मांडली होती, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. हातात ताटली धरून ती डोळे मिटून पाय हलवत होती आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होती. कुणालाही हसू यावं असं होतं ते. बूट बघायच्या आधी दाखवलं असतं तर छपराला हादरे बसले असते. आता भरलेल्या थिएटरात पॉपकॉर्न चावायचा आवाजसुद्धा बंद झाला.

मास्तरणीनं पडद्याकडं बघणं सोडलं होतं. ती खाली बघत होती. पडद्याच्या उजेडात मास्तरचा बूट दिसत होता, पॉलिश केलेला, टाचेला झिजलेला. तो जमिनीवर दाबलेला होता.

मास्तरनं पाय मागं घेतला. उशीर झाला होता.

तो घाईघाईनं डोक्यात चोर शोधायला लागला, कारण दुसरं काही त्याला येतच नव्हतं. बायकोनं सांगितलं नाही. तिला माहीतच नव्हतं, मग ती सांगणार काय? पुस्तकांवर पाय हलवताना तिला दाराच्या फटीतून फक्त त्यानं बघितलं होतं. मग कोण? आणि मग त्याला आपलीच गाडी दिसली. मेव्हणा दोन वर्षांपूर्वी त्याच गाडीत शिकला होता. स्टिअरिंग आवळून बसायचा. हात सैल व्हावेत म्हणून मास्तरनं त्याला सगळं ऐकवलं होतं. टीव्ही. चपला. पुस्तकं. मेव्हणाही पुरुषच, म्हणून विनोदाचं शेपूटसुद्धा. “अरे, गाडी लाजत नाही, मीच इकडून दाबायचो! शिकली असती तर रोज शहरभर हुंदडली असती, मी कुठं कुठं बघत बसू?” हे सांगताना मास्तर स्वतः पोट धरून हसला होता. ऐकणारा मात्र हसला नव्हता, त्याचीच ती बहीण होती. रस्त्यावरची नजर हलवली नव्हती त्यानं. आणि मास्तर खूश होऊन म्हणाला होता, “शाब्बास. आता खरं लक्ष द्यायला लागलास.”

तेच सगळं पडद्यावर होतं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. फक्त मास्तरचं हसू त्यातून काढून घेतलं होतं. तेवढं काढल्यावर खाली काय उरतं ते आता सगळे बघत होते.

सिनेमा कसा संपला ते मास्तरला सांगता येणार नाही. दिवे लागले. लोक न बोलता उठले. जाड्या आपल्या बायकोची पिशवी स्वतः उचलून चालला होता आणि ती त्याच्याकडं चमकून बघत होती. मास्तर उठायला लागला.

“बसा,” मास्तरीण म्हणाली. “पाट्या राहिल्यात.”

पाट्या वर सरकत होत्या. कपडे, केस, दिवे, चहा देणारे. आणि सगळ्यात शेवटी, एकटीच: ‘गाडीचं सगळं ज्यांच्याकडून शिकलो, त्या आमच्या भावजींचे मनापासून आभार.’

“हे मी घालायला लावलं,” ती पडद्याकडं बघत म्हणाली. “गॅलरीतून. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, अरे, एवढं शिकवलं त्यांनी तुला, त्यांना बरं वाटेल. हसून हसून मनवलं मी त्याला.”

मास्तर हातातला पॉपकॉर्नचा पुडा चुरगाळायला लागला.

“मी तेव्हा क्लच बरोबर सोडत होते?” तिनं विचारलं.

“अगं, तो गंमत म्हणून…”

“बरोबर सोडत होते की नाही?”

“सोडत होतीस,” मास्तर म्हणाला.

बाहेर दाराशी मेव्हणा उभा होता. त्याचा चेहरा पडला होता. हसवायला निघालेल्या माणसानं आत कोणी हसत नाही हे दाराबाहेरून ऐकलं की जसा पडतो तसा. “ताई,” तो म्हणाला. “कसा वाटला?”

“तुला दोन वर्षं माहीत होतं?”

“ताई, मला वाटलं, तोंडानं सांगण्यापेक्षा पडद्यावर बघशील तर…”

“तर काय? पोट धरून हसेन?”

“तसं नाही गं…”

“तुझ्या खिशात फोन होता की नाही? रोज बोलत होतास की माझ्याशी. एक वाक्य होतं रे. ‘ताई, ब्रेक ते दाबायचे.’ ती नोकरी मला परत मिळाली असती तेव्हा. ते एक वाक्य तू जपून ठेवलंस, त्याला दिवे लावलेस आणि शहराला तिकिटं विकलीस.” तिचा आवाज चढला नव्हता. “यांनी निदान चोरून केलं.”

मेव्हण्यानं मास्तरकडं बघितलं, मास्तरनं मेव्हण्याकडं. दोघांचीही पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत असल्यासारखी तोंडं झाली होती.

“माहेर बंद म्हणालात ना?” ती मास्तरकडं वळली. “ते मी बघते, बंद करायचं की चालू ठेवायचं. किल्ली द्या.”

“कसली?”

तिनं हात पुढं केला. मास्तरनं किल्ली दिली.

थिएटरच्या मागच्या मोकळ्या मैदानात गाड्या लावल्या होत्या. बऱ्याच निघून गेल्या होत्या, ऊन अजून होतं. टपावर शाळेची पाटी असलेली मास्तरची गाडी कडेला उभी होती. ती चालकाच्या दारानं आत बसली. तो सवयीनं शेजारच्या दाराकडं गेला.

“मागं.”

“अगं, तुझ्याकडं लायसन्स नाही. ब्रेक दाबायला लागला तर?”

“मैदानाबाहेर नेत नाही. आणि ब्रेक माझ्या पायाशी आहे. मागं बसा.”

आयुष्यात पहिल्यांदा मास्तर आपल्या गाडीत मागं बसला. तिथून गाडी निराळीच दिसत होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. तिनं सीट पुढं ओढली. स्वतःचा आरसा नीट केला. मास्तरसाठी काचेला एक जादा आरसा चिकटवलेला होता, तो तिनं पिळून छताकडं तोंड करून ठेवला. किल्ली फिरवली, गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी आचका खाऊन बंद पडली.

“मी काही केलं नाही!” मास्तर मागून ओरडला. दोन्ही हात वर करून.

मास्तरणीनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मैदानातला रखवालदार वळून बघायला लागला.

“ही मीच पाडली,” ती म्हणाली. “ही माझी.”

तिनं पुन्हा किल्ली फिरवली. गाडी किंचित थरथरली, मग हलली आणि चालायला लागली. मैदानाच्या कडेनं, दिव्याच्या खांबाला वळसा घालून, मागोमाग येऊन मधोमध उभ्या राहिलेल्या मेव्हण्याच्या बाजूनं. त्यानं हात वर केला. तिनं गाडी थांबवली नाही. तिनं दुसरा गिअर टाकला. मागच्या सीटवर मास्तरचा पाय पायपुसणं दाबत होता, जीव खाऊन दाबत होता, आणि गाडी चालतच होती.

आरशात त्याला फक्त तिचे डोळे दिसत होते. ती काय ठरवते आहे, ते त्यांच्यात शोधायचा त्यानं फार प्रयत्न केला. ते समोर बघत होते. रस्त्यावरचा प्रत्येक जण आपल्याला मारायलाच निघालाय असं समजून बघायला त्यानंच शिकवलं होतं, तसे मुळीच बघत नव्हते. फाटक उघडं होतं. प्रत्येक फेरीला ती त्याच्याजवळून जाताना वेग जरासा कमी करत होती.

“कुठं न्यायचा विचार आहे?” शेवटी त्यानं विचारलं.

“बघते,” मास्तरीण म्हणाली आणि आणखी एक फेरी घेतली.